पाचवी रास

किटलीचं झाकण वाजलं. आधी एकदाच, टक् करून, मग थांबून थांबून, थंडीनं कुणाचे दात वाजावेत तसं. तोवर बॉथीत एवढी शांतता होती की दोरीवर वाळत घातलेल्या मोज्यांतलं पाणी फरशीवर टपटपताना मोजता यावं. इश्बेलनं डोळे उघडले. ते मिटले कधी हे तिला आठवेना. आधीच्या कुणा वाटसरूनं पुढच्यासाठी ठेवून दिलेली सुकी लाकडं चुलीत धडधडून पेटली होती, मेंढपाळाची ती जुनी दगडी झोपडी हळूहळू ऊब धरत होती, आणि दुपारी तीनपर्यंत खिडकीत जो डोंगर होता तो आता नव्हता. धुकं काचेला नाक लावून आत बघत होतं. बाकावर ग्रीअर गुडघ्यांवर बसून पत्र्याचे कप मांडत होती, एकाचा कान दुसऱ्याच्या कानाला लागेल असे, जीभ ओठाच्या कोपऱ्यात धरून. सात वर्षांची मुलगी एखादं काम मनापासून करते तेव्हा तिच्या मानेवरची लवसुद्धा त्या कामाला लागलेली असते. इश्बेल त्या मानेकडे बघत राहिली. मग तिनं कप मोजले.

"तीन कशाला गं?"

"एक वॉटीला."

"त्यांना उशीर होईल. गुडघा दुखतो ना त्यांचा. त्यात हे धुकं."

"नाही होणार उशीर," ग्रीअर म्हणाली. "मी त्याला वाट करून ठेवलीय."

"कसली वाट?"

"दगडांच्या राशींची. त्यानंच नाही का शिकवलं? वळणावरच्या मोठ्या राशीपासून थेट धबधब्यापर्यंत. पाच केल्या." तिनं पंजा उघडून दाखवला. नखांत अजून काळी माती होती. "त्याला धबधबा बघायचाय. चाळीस वर्षांत राहूनच गेला म्हणाला. आता आपोआप जाईल तो तिकडं."

इश्बेल उठली. किटली उतरवून तिनं दगडावर ठेवली. हाताला चटका बसल्याचं तिला बऱ्याच वेळानं कळलं, आणि तेही दुसऱ्या कुणाचा तरी हात भाजला असावा तसं.

धबधबा म्हणजे ग्रे लिन. दुपारी ऊन होतं तेव्हा दोघींनी तो लांबून, हात घट्ट धरून पाहिला होता. माळावरून गुमान वाहत आलेला ओढा एकाएकी जमीन फाडून पन्नास फूट खाली जातो. काठाला कठडा नाही, खूण नाही. हेदरची झुडपं कडेवरून पलीकडं झुकलेली, त्यामुळं जमीन संपली हे पावलाला कळायच्या आत पाऊल पडून गेलेलं असतं. जुन्या काळी याच माळावरून गुरं हाकत दक्षिणेच्या बाजाराला नेत. त्या गुराख्यांची वाट लिनच्या अलीकडं मुद्दाम उजवीकडं वळसा घेते. आता या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत पायी जाणारे लोक तीच वाट चालतात आणि दर शंभर पावलांवर गुराख्यांनी रचलेल्या दगडांच्या राशी बघत पुढं सरकतात. वळणावर एक मोठी रास आहे. तिच्यापुढची, खरी, उजव्या अंगाला लांब. धुक्यात ती दिसणार नाही. धुक्यात दिसेल ती नाकासमोर दहा-बारा पावलांवरची, एका मुलीनं लगोरीसारखी निगुतीनं रचलेली. तिथून पुढची. तिथून पुढची.

"कधी केल्यास तू?" तिनं विचारलं. आवाज नेहमीचा ठेवला. मुलांना आवाजातला चढ आधी कळतो, शब्द मागाहून.

"जेवल्यावर. तू भिंतीला टेकून बसली होतीस तेव्हा."

भिंत म्हणजे वळणाशेजारचं, मेंढ्या कोंडायचं एक पडकं गोल आवार. वारा लागत नव्हता. पाठीला दगड उन्हानं तापलेले. ढासळलेल्या बाजूचे धोंडे उचलून ग्रीअर काहीतरी खेळत होती, स्वतःशीच बोलत होती, आणि इश्बेलनं भाकरी-चीजचा शेवटचा घास गिळून डोळे मिटले होते. किती वेळ? पाच राशी. एकेका राशीला दहा-बारा धोंडे, एकेक धोंडा दोन्ही हातांनी पोटाशी धरून नेलेला. म्हणजे पाऊण तास तरी. पाऊण तास ती कुठं होती? मार्चपासून, गेल्या सहा महिन्यांत, तिच्या वाट्याला आलेला तो पहिला निवांत पाऊण तास होता. तिला स्वप्न पडलं नव्हतं, झोपही लागली नव्हती. नुसतं नसणं. उन्हात कपडे असतात तसं असणं. पोर आवाजाच्या अंतरावर आहे, एवढं तिच्या कानाला ठाऊक होतं, आणि बाकीची इश्बेल सुटीवर गेली होती. उठल्यावर तिला इतकं हलकं वाटलं होतं की बॉथीपर्यंत ती गुणगुणत आली.

मार्चमध्ये काय झालं होतं, तर काहीच झालं नव्हतं. ग्लासगोत ड्यूक स्ट्रीटला, शाळेच्या वेळी, सिग्नलपाशी ती उभी होती. डोक्यात काय होतं हे तिनं पुढं कितीदा आठवून पाहिलं. बहुतेक दूध. घरात दूध आहे की नाही. हातात ग्रीअरचा हात होता, निदान हातमोजा तरी होता. मग ब्रेकचा आवाज झाला आणि तिला दिसलं की हातात नुसताच लोकरीचा हातमोजा आहे, आणि पोर रस्त्यात दोन पावलं पुढं, आणि बसचं तोंड पोरीच्या कपाळापासून वीतभर. ड्रायव्हरनं काच खाली केली. तो शिव्या देईल असं तिला वाटलं. त्यानं नुसतं विचारलं, "बाई, जागी आहेस का गं?" खरंच विचारलं. काळजीनं. मग बस गेली, मागची माणसं रस्ता ओलांडून गेली, ग्रीअर शाळेत गेली, आणि इश्बेल चष्म्याच्या दुकानात कामाला गेली. दिवसभर ती लोकांना अंधाऱ्या खोलीत बसवून म्हणत राहिली, वाचा बघू खालची ओळ. आता हे भिंग बरं की हे? टॉर्मडला, नवऱ्याला, तिनं काही सांगितलं नाही. सांगायला काय होतं? घडलं असतं तर सांगितलं असतं. त्या दिवसापासून ती पोरीकडं बघायला लागली. जेवताना, खेळताना, दात घासताना. इतकं बघायला लागली की एकच शब्द शंभरदा म्हटल्यावर तो कसा अर्थ सोडून नुसता आवाज उरतो, तसा पोरीचा चेहरा कधीकधी नुसताच चेहरा उरायचा, नाक डोळे तोंड. सासूबाई म्हणाल्या, शहरात कोंडून कोंडून तुझं असं झालंय, सप्टेंबरच्या सुटीत तीन दिवस चाल जरा, पोरीला ने, मोकळ्या हवेत डोकं मोकळं होईल.

झालं मोकळं.

"आई, तुझा हात लाल झालाय."

"हो का? असू दे."

वॉटी गेडिस त्यांना सकाळी दहाच्या सुमाराला भेटले. कुंपणावरून चढून जायच्या लाकडी पायऱ्यांवर मधोमध बसले होते, एक बूट काढून. पलीकडच्या खोऱ्यात चाळीस वर्षं पोस्टमन, आता पंचाहत्तरी जवळ आलेली. "टोल नाक्यावर आलात," ते म्हणाले. "दमडी टाका नाहीतर गाणं म्हणा." ग्रीअरनं तिथंच उभ्या उभ्या शाळेतलं गाणं म्हटलं. त्यांनी डोळे पुसायचं नाटक केलं आणि खिशातून दूध-साखरेच्या वडीचा तुकडा काढून दिला, त्याला तंबाखूचा वास होता. पोरगी त्यांना आजोबा म्हणाली तर म्हणाले, "आजोबा म्हातारे असतात गं चिमणे. मला वॉटी म्हण." तासभर ते बरोबर चालले. प्रत्येक राशीपाशी थांबायचे, वाकायचे, कण्हायचे, एक दगड हुडकून राशीवर ठेवायचे आणि मग पुढं. "रिकाम्या हातानं पुढं जायचं नसतं. आपण एक ठेवायचा, मागचा एक ठेवेल. म्हणून तर तीनशे वर्षं उभ्या आहेत." इश्बेलनं धुक्याचं विचारलं होतं, आकाशाच्या कडेला सकाळीच एक पांढरी रेघ होती. "आलं तर येऊ दे की. मी आपला राशीवरून राशीवर. नकाशा चुकेल, ते फोनातलं यंत्र चुकेल. रास खोटं बोलत नाही." हे बोलताना त्यांनी तिच्याकडं मान वळवली, आणि तिला सवयीनं दिसलं की त्यांच्या डाव्या डोळ्यात दुधाचा थेंब पडावा तसा मोतीबिंदू आहे, आणि उजव्यातही सुरुवात झालीय. चार पावलांपलीकडं या माणसाला कडा दिसत नसणार, नुसते गडद-फिके डाग. तिनं मनात त्यांच्या चष्म्याचा नंबरसुद्धा काढला होता. मग ते म्हणाले, तुम्ही व्हा पुढं, माझा गुडघा काय म्हणतो ते ऐकत ऐकत येतो मी, बॉथीत पाणी तापवून ठेवा.

चार वाजून दहा मिनिटं. फोनला रेंज नाही, सकाळपासून नाही. बॉथीच्या भिंतीवर लावलेल्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं की धुकं असेल तर बाहेर पडू नका, असाल तिथंच थांबा. शहाणं वाक्य. इश्बेलनं ते दोनदा वाचलं. ते तिला फार आवडलं. पोर आत, चूल पेटलेली, दार लावलेलं. आईनं याहून जास्त काय करायचं असतं? म्हातारा डोंगरातला आहे. परत फिरला असेल. त्याला पाण्याचा आवाज येईल. एव्हाना तो वळसा घेऊन निम्म्या वाटेत असेल, आणि आपण मात्र त्याला शोधायला म्हणून पोरीला कड्याच्या काठाला नेणार. आणि नाही आला, तरी दगडांवर कुणाचं नाव लिहिलेलं नसतं. कुणीही म्हणेल, मोतीबिंदू, वय, धुकं. कुणालाही कळणार नाही. हे ती अगदी शांतपणे, पायरीपायरीनं, दुकानात बिल समजावून सांगावं तसं स्वतःला सांगत होती, आणि सांगता सांगता तिच्या लक्षात आलं की आपण डाव्या बुटाची नाडी बांधून उजव्याला हात घातलाय. पाय तिला न विचारताच निघाले होते.

"ग्रीअर, कोट घाल."

"कुठं जायचंय?"

"वॉटींना आणायला."

"पण मी वाट केलीय ना."

"हो. आपण बघून येऊ कशी झालीय."

एकटीला ठेवायचा विचार तिनं केला. चूल पेटलेली, दाराला आतून कडी नाही, आणि आपण परत आलो नाही तर सकाळपर्यंत ही इथं तीन कपांसमोर बसून राहील. तो विचार तिनं पुढं जाऊ दिला नाही. मोजे काढून तिनं आढ्याखाली चार फेऱ्यांत ताणलेली वाळत घालायची दोरी सोडली, एक टोक स्वतःच्या कमरेला, एक पोरीच्या. पोरीला गंमत वाटली. "आपण आता कुत्रा आणि मालक."

"कुत्रा कोण?"

"तू," ग्रीअर म्हणाली, आणि स्वतःच्याच विनोदावर खूप हसली. धुक्यात ते हसू दोन हातांवर जाऊन विरघळलं.

बाहेर पाऊस नव्हता आणि तरी सगळं भिजत होतं. पापण्या, ओठ, दोरी. पहिली रास बॉथीच्या मागंच होती. मग त्यांनी रीत बसवली. ग्रीअरनं राशीला पाठ टेकून उभं राहायचं, इश्बेलनं दोरी ताणेल तिथवर जायचं आणि अर्धगोल चालत पुढचा काळा डाग हुडकायचा. सापडला नाही तर पोरीला ओढून घ्यायचं आणि पुन्हा. दोन हिसके म्हणजे मी आहे. उलट दोन हिसके म्हणजे मीही आहे. पंधरा पावलांवर पोर दिसेनाशी व्हायची. आधी पाय जायचे, मग कोटाचा पिवळा रंग फिका व्हायचा, मग तिथं काहीच नसायचं, नुसती दोरी पांढऱ्यात शिरलेली. विहिरीत सोडल्यासारखी. इश्बेलनं हिसके दिले आणि उत्तर येईपर्यंतच्या वेळात तिला सॉल्टकोट्सचा किनारा आठवला. तिची आई कपडे वाळत घालताना गात असायची आणि लहान इश्बेल गुडघाभर पाण्यात भरतीच्या तोंडाशी खेळत असायची. आईनं एकदाही मागं वळून पाहिल्याचं तिला आठवत नव्हतं. काही झालं नाही. सगळं बालपण काही झालं नाही. ते आईचं लक्ष होतं की नुसतं नशीब, हे तिला आईला विचारायचं होतं, आणि आता आई नव्हती. हिसके आले. दोन. लहान, घाईचे. तिनं श्वास सोडला.

"आई, मेंढी खोकली."

"मेंढ्या खोकतात."

"माणसासारखी खोकली."

दोघी थांबल्या. मेंढीच होती. धुक्यातून तिचं काळं तोंड आलं, त्यांच्याकडं नाराजीनं बघून परत गेलं. दर राशीपाशी इश्बेल पाठपिशवीच्या छातीवरच्या पट्ट्याची शिट्टी सहा वेळा फुंकायची आणि कान द्यायची. कानात स्वतःचंच रक्त वाजायचं. सात राशी झाल्या, आठ झाल्या. नवव्या राशीपाशी उजवीकडून जमिनीतून एक घरघर यायला लागली. आधी ती पायांना लागली, मग कानाला. लिन.

वळणावरची मोठी रास कमरेएवढी होती. तिच्या वर, अगदी टोकाला, एक चपटा ओला धोंडा, खालच्या अंगाला लाल माती चिकटलेली. ताजी. म्हणजे ते इथवर आले होते. इथून दोन वाटा होत्या, एक त्या दोघी आल्या ती, आणि एक ग्रीअरनं केलेली. पहिल्या वाटेवर ते भेटले नव्हते.

"चुकून धुक्यात आपल्या बाजूनं निघून गेले असतील," इश्बेल म्हणाली. कुणाला म्हणाली कोण जाणे.

"नाही," ग्रीअर म्हणाली आणि दोरी ताणून पुढं धावली. "आई! आई, बघ!"

ती तिच्या पहिल्या राशीपाशी उभी होती. गुडघ्याएवढी रास, मोठे धोंडे खाली, लहान वर, फटींत खडे नीट बसवलेले. इश्बेलच्या मनात नको त्या वेळी आलं, किती छान केलीय. आणि वर, त्या लहान दगडांना न शोभणारा, मोठ्या माणसाच्या हाताचा एक धोंडा. खाली लाल माती.

"त्यानं माझ्या राशीवर दगड ठेवला!" ग्रीअरनं टाळ्या वाजवल्या. "त्याला खरी वाटली!"

इश्बेलनं शिट्टी फुंकली. पहिल्यांदा नुसता वारा आला. दुसऱ्या राशीपाशी ग्रीअर आधी पोचली. "इथं पण!" तिथला दगड पांढरट होता, गारगोटीचा, धुक्यातही चमकणारा. त्यांनी तो शोधून आणला असणार, वाकून, गुडघ्यावर हात ठेवून, कण्हून. तिसरीपाशी घरघर इतकी वाढली की पोरगी ओरडून बोलायला लागली. "तिसरी पण! आई, मोज ना तू! तू मोजतच नाहीस!" चौथीवरचा दगड लहान होता, घाईनं ठेवल्यासारखा कलंडलेला. म्हातारा दमला असेल. इश्बेलनं दोरी हातावर वेढे घेत घेत आखडून घेतली, पोर आता तिच्यापासून हातभर अंतरावर होती, आणि ती जमिनीकडं बघत एकेक पाऊल आधी दाबून मग टाकत होती. पायाखालचं गवत संपून हेदर लागलं.

पाचवी रास सगळ्यात देखणी होती. तिच्या टोकाला ग्रीअरनं मेंढीच्या लोकरीचा एक पुंजका खोचला होता. दुसरं काही नव्हतं.

ग्रीअरनं राशीभोवती चक्कर मारली. मग तिनं वाकून बघितलं, पडला तर नाही. "इथं नाही ठेवला," ती म्हणाली. तिचा चेहरा पडला. "विसरला वाटतं."

इश्बेलनं तिला उचललं. सात वर्षांची मुलगी, ओल्या कोटासकट, आणि तिला काहीच वजन लागलं नाही. चौथ्या राशीपर्यंत ती उलट्या पावलांनी गेली, पोरीला राशीच्या मागच्या अंगाला खाली बसवलं आणि तिच्या कमरेची गाठ सोडायला लागली. ओली दोरी सुटेना. सोडायलाच हवी होती. आपण गेलो तर ही मागोमाग ओढली जाईल, हे तिला दुपारच्या उन्हाइतकं स्वच्छ दिसत होतं, आणि तरी बोटं गाठ सोडण्याऐवजी धरून बसली होती. शेवटी तिनं ती दातांनी सोडली.

"इथून हलायचं नाही. मोठ्यानं आकडे म्हण. मी थांब म्हणेपर्यंत म्हणत राहा."

"कितीपर्यंत?"

"येतात तितके."

"मला हजारपर्यंत येतात."

"मग हजारपर्यंत."

एक, दोन, तीन. ती त्या आवाजाकडं पाठ करून निघाली, आणि पाठ करणं म्हणजे काय हे तिला पाठीच्या प्रत्येक मणक्यात कळलं. पाचव्या राशीपाशी ती पोटावर झोपली आणि सरपटायला लागली. पाण्याच्या आवाजात दुसरा कसलाच आवाज राहिला नव्हता. चौदा, पंधरा. तिनं हाक मारली. पुन्हा मारली. तेव्हा डाव्या हाताला, अगदी जवळून, कुणीतरी देवळात बोलावं तसं हळू म्हणालं, "ओरडू नकोस पोरी. जमीन ऐकतेय."

ते पालथे पडले होते. टोपी गेली होती, पांढरे केस कपाळाला चिकटलेले. डाव्या हातात हेदरचं झुडूप मुळाशी धरलेलं, आणि उजवा हात खांद्यापासून दिसतच नव्हता. तो काठावरून खाली लोंबत होता. "दगड हुडकत होतो," ते म्हणाले. "रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून वाकलो. तर हाताखाली जमीनच नाही. अर्धा तास झाला असेल, तेव्हापासून असाच. हललो की हे झुडूप उपटतंय जरा जरा."

"मी पट्टा धरते. तुम्ही मागं सरका. हळू."

"माझं वजन बघितलंस का? बायको गेल्यापासून मीच रांधतो आणि मीच खातो."

"बोलू नका, वॉटी."

"बोलतोय म्हणून तर अजून इथं आहे."

अडतीस, एकोणचाळीस. तिनं दोन्ही हातांनी त्यांच्या कमरेचा पट्टा धरला, बुटांची टोकं मातीत रोवली आणि ओढलं. काही झालं नाही. पुन्हा ओढलं. एक दगड सुटून खाली गेला. तो पोचल्याचा आवाज आला नाही. चव्वेचाळीस. पंचेचाळीस. आणि मग आकडे थांबले.

ती वळून बघू शकत नव्हती. वळली तर पट्टा सुटला असता. हातात एका माणसाचं सगळं वजन, आणि मागं पांढरं, मुकं. ड्यूक स्ट्रीट. हातमोजा. बाई, जागी आहेस का गं? आपण जाग्या होतो, तिला ओरडून सांगावंसं वाटलं, या क्षणी तरी आपण पूर्ण जाग्या आहोत, केसाच्या टोकापर्यंत, आणि तरीही आपल्याला काही दिसत नाही. पट्टा सोडावा असं तिच्या बोटांना वाटलं. ते तिला स्पष्ट जाणवलं. बोटं खरंच सैल झाली होती. वॉटींनाही ते जाणवलं असावं. त्यांनी विनवणी केली नाही, याची पुढं तिला फार भीती वाटणार होती.

"शेहेचाळीस!" मागून आलं. "शिंक आली होती!"

ते दोघं हातभर मागं आले. मग आणखी हातभर. मग उजवा हात काठावरून वर आला, निळा, कुणाचा तरी उसना आणल्यासारखा.

चौथ्या राशीपाशी तिघं बसले तेव्हा ग्रीअर एकशे बाराला होती. इश्बेलनं तिला मांडीत घेतलं. वॉटींचे दात वाजत होते. इश्बेलनं आपला मफलर त्यांच्या डोक्याला गुंडाळला. त्यांनी खिसे चाचपले, वडीचा चुरा काढला, ग्रीअरपुढं धरला आणि मग त्यांची नजर राशीवर गेली. चेहरा बदलला. भीती ओसरल्यावर माणसाला राग येतो तसा तो आला, खालून वर.

"कुणी बांधल्या असतील गं या? चाळीस वर्षांत इथं कधी नव्हत्या. मी डोळे झाकून गेलो, प्रत्येकीवर दगड ठेवून गेलो. कुठल्या गाढवानं..."

"मी," इश्बेल म्हणाली.

ते तिच्याकडं वळले. दूध पडलेला डोळा आणि बरा डोळा, दोन्ही. "तू?"

"हो. दुपारी. वेळ जात नव्हता म्हणून."

त्यांनी पोरीकडं पाहिलं, तिच्या नखांतल्या मातीकडं पाहिलं. त्यांना काय कळलं आणि काय नाही हे त्यांनी चेहऱ्यावर येऊ दिलं नाही. वडीचा चुरा तसाच हातात राहिला.

ग्रीअर मांडीत ताठ झाली. ती वळली आणि तिनं दोन्ही हातांनी आईचा चेहरा धरून आपल्याकडं केला. तिचे तळवे गार आणि खरखरीत होते. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ती रडत नव्हती. ती हिशेब लावत होती.

"खोटं. मी बांधल्या. तुला माहितीये ना मी बांधल्या? एकेक झाली की मी तुला हात केला. पाचही वेळा केला, असा, उंच." तिनं हात उंच करून दाखवला. "आई, तू बघत होतीस ना?"